शंभराला आठ

जुन्या काजू कारखान्याची शेड. भिंतींना अजून
टरफलांच्या तेलाचा वास,
आणि मधोमध आमचं नवं मशीन,
ज्याला वेंगुर्ल्याची हवा सोसत नाही.

मक्यापासून केलेले दाणे, साबुदाण्यासारखे.
पोत्याचं तोंड उघडं राहिलं की समुद्र पितात.
मग आत, एकशे सत्तर अंशांना,
तेच पाणी त्यांची साखळी कडीकडीनं तोडतं
आणि वर चढणारा फुगा
माझ्या डोळ्यांदेखत फाटतो.
आठवड्यात सतरा वेळा. मी वहीत लिहिते:
फाटला. फाटला. चहा. फाटला.

आग्नेल सर म्हणाले, तापमान वाढव.
वाढवलं. शेडभर करपल्या गुळाचा वास,
फिल्म पिवळी,
आणि दुमडली की पापडासारखी कटकन.
आरोलकरबाईंच्या नर्सरीला चार हजार पिशव्या हव्यात,
काजूची कलमं पिशवीसकट मातीत लावता येतील अशा.
पापडात कलम कोण लावणार?

रात्री घरी सांगितलं.
बाबा होड्यांचे मेस्त. आता गुडघे
वाळूत उतरू देत नाहीत. सुपारी कातरत ऐकून घेतलं.
"राळ एकटी तापवलंस तर तडकतलीच गो.
तेका उंडेल व्हया."
किती?
"हाताक कळता."

माझ्याकडे तो हात नाही, वजनकाटा आहे.
शंभराला चार: फुगा उभा राहिला, थरथरला, बसला.
शंभराला बारा: फिल्मला घाम सुटला,
गुंडाळी स्वतःलाच अशी चिकटली
की सुरीनं कापून फेकावी लागली.
शंभराला आठ.
लिंबाच्या आंबटापासून केलेलं ते बिनवासाचं तेल,
लवकर थिजावं म्हणून थोडं शंखजिरं,
तुटलेल्या कड्या सांधणारी भुकटी अर्धा किलो,
कणभर जास्त झाली तर स्क्रू जड होतो, मोटर कण्हते.
आणि सगळ्याआधी दाणे चार तास भट्टीत, ऐंशी अंशांवर,
अंगातला समुद्र उतरेपर्यंत.

गुरुवारी पहाटे फुगा चढला.
वाशापर्यंत. दुधी, सरळ,
आतून कुणी श्वास धरल्यासारखा.
आग्नेल सरांनी चपला काढून बाजूला ठेवल्या,
का ते त्यांनाच ठाऊक.

मग कोल्हापूरहून शहाडे आले, कॅन घेऊन.
"हे दोनच टाका. भुकटी नको, भट्टी नको, लाईटबिल निम्मं."
टाकलं. खोटं कशाला बोलू,
मशीन लोण्यातून चालल्यासारखं चाललं.
मी विचारलं, याचं मातीत काय होतं?
शहाडे हसले. "मातीत कोण बघायला जातंय?"

बाबांना हेही सांगितलं.
ते बराच वेळ गप्प. मग,
"राळ दर वर्सा खरवडून काढूक येवक व्हयी.
जी निघनाच नाय, तिच्याखालची फळी
कुसली काय बरी, कशी बघतलंस?"

शेडीमागे फणसाखाली दोन कलमं लावली,
एक शहाड्यांच्या पिशवीत, एक आठाच्या.
दोन खुंट्या, दोन चिठ्ठ्या. जून ते नोव्हेंबर.

काल उकरलं.
शहाड्यांची पिशवी होती तशी. बॅचनंबर वाचता येतो.
मुळं आतल्या आत गोल फिरून
स्वतःलाच करकचून बसलेली.

दुसऱ्या खुंटीखाली
मूळ सरळ खाली गेलेलं. एक गोगलगाय. चिखल.
वीतभर आणखी खणलं, बोटांनी चाचपलं.
पिशवी नाही.
विरली असेल. किंवा आरोलकरबाईंचा कुत्रा
तिथंच उकरत असतो, त्यानं ओढून नेली असेल.
आग्नेल सर म्हणाले, लिही की, विरली.

वहीत लिहिलं: सापडली नाही.
पुन्हा पुरायला हवी, या वेळी दहा,
वर दगड ठेवून.
हात धुतले. उद्याचे दाणे भट्टीत टाकले.